खुडलेले तुरे

२ फेब्रुवारी, रविवार

गच्चीवर मका लावला. स्वीट कॉर्न. चौदा पिशव्या, कठड्याला समांतर, एका ओळीत, मधलं अंतर पट्टीने मोजून. आमचे हे, म्हणजे शरच्चंद्र, खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. म्हणाले, "परीक्षा विभागातून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, बैठकव्यवस्था काही सुटली नाही." मी लक्ष दिलं नाही. चौतीस वर्षं मी बैठकव्यवस्था लावली म्हणून हजारो मुलांना आपापले नंबर सापडले.

बी पाहून मात्र धसकाच घेतला होता. सुरकुतलेले, औषध लावून गुलाबी केलेले दाणे. दुकानदाराला फोन केला, तर म्हणाला, "ताई, ते तसंच असतं." या उत्तरावर अख्खं पुणं चाललंय.

गच्चीबाग मंडळाच्या मागच्या बैठकीत मी बोलून बसले आहे. २७ एप्रिलला सगळ्यांनी कर्वेनगरला माझ्याकडे यायचं, झाडावरून काढलेलं कणीस पाच मिनिटांत उकळत्या पाण्यात! अठरा जण येणार. हे म्हणाले, "मंडईतून आणून झाडाला बांधता येतील, वेळ पडलीच तर." म्हणून ही वही सुरू केली. झाडं तोंडाने बोलत नाहीत, त्यांचं लिहूनच ठेवावं लागतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

अकरा पिशव्यांत उगवलं, तीन नापास. त्यांत पुन्हा दाणे टाकले.

पाणी घालायला गेले तर दुसऱ्या मजल्यावरच्या ओव्हाळांच्या आजी गच्चीवर. चंद्रभागाबाई. मुलगा संजय मोजणी खात्यात आहे, नात पूर्वा शेतकीच्या दुसऱ्या वर्षाला. जवळजवळ दोन वर्षं झाली त्यांना भाड्याने येऊन. अगदी सालस माणसं, कसला म्हणून त्रास नाही. मी सगळ्यांना तसं आवर्जून सांगते.

आजींबरोबर रंगाचे पाच रिकामे डबे, मातीने भरलेले. पूर्वाने चार मजले चढवून आणले होते. पदराच्या गाठीत मूठभर मका. रंग पिकल्या जांभळाचा, जवळजवळ काळा. मी असला मका कधी पाहिला नव्हता.

"आमच्या गावचा हाय. करमाळ्याकडचा," त्या म्हणाल्या. "पाच सालं डब्यात राखेत पडलाय. औंदा मातीत न्हाई गेला तर जीव जाईल त्याचा. आता गावात कुनाकडंच न्हाई. समद्यांनी पाकिटाचं बी धरलं."

"म्हणजे एवढाच उरलाय?"

"एवढाच."

मग बराच वेळ सांगत बसल्या. सासऱ्यांच्या काळात स्वतःचं रान नव्हतं, दुसऱ्याच्या बांधावर एक ओळ लावू द्यायचे, तेवढीच. पुढे दीड एकर झालं तेव्हा सासूने हा मका पहिल्यांदा रानात मधोमध पेरला आणि दिवसभर तिथंच बसून राहिली. मी म्हटलं, "छान." माझं पाणी वाहून चाललं होतं. त्यांना तेवढं सांगितलं की डबे टाकीच्या मागे ठेवा, पुढे ठेवले तर ओळ बिघडते. "बरं," म्हणाल्या आणि एकेक डबा ढकलत मागे नेला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

खालची पानं पिवळी पडताहेत. टोकापासून सुरू होऊन मधल्या शिरेने आत. आंबट ताक झालं, केळ्याच्या सालांचं पाणी झालं, मोहरीच्या पेंडीचं पाणी झालं. घरभर वास. हे म्हणाले, "आता डॉक्टर बदलून बघ."

चंद्रभागाबाई नुसतं पाहून म्हणाल्या, "भूक लागलीया त्याला. शेणखत घाला, आन् बुडाशी माती चढवा." त्यांच्या मूठभर दाण्यांतले नऊ उगवले आहेत. नऊच. पण काय तरतरीत! टाकीमागे नुसता घोळका, ना ओळ ना अंतर. मी म्हटलं, "जरा लांब लांब ठेवा, हवा खेळेल."

"मक्याला एकमेकाच्या अंगाला लागून असलेलं बरं असतं, बाई."

मी हसले. त्यांचं त्यांना. शेणखत मात्र घातलं.

९ मार्च, रविवार

अळी! शेंड्याच्या पोंग्यात शिरून बसली आहे. पानांना चाळणीसारखी भोकं, आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी घाण. निंबोळी अर्क फवारला, दोनदा फवारला. अळी बहुतेक चव घेत असावी.

आज आजी गुडघे धरत धरत वर आल्या, हातात राखेचा डबा. बारीक माती मिसळलेली राख, चिमूट चिमूट प्रत्येक पोंग्यात. आधी माझ्या चौदा झाडांत घातली, मग स्वतःच्या नऊ. मी म्हटलं, "अहो, तुम्ही कशाला, मी घातली असती." म्हणाल्या, "चिमूट किती धरायची ते हाताला कळावं लागतं."

१३ मार्च, गुरुवार

अळी गेली. एकही नाही. मंडळाच्या ग्रुपवर हिरव्यागार पोंग्याचा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'निंबोळी अर्काची किमया.' राखेचं लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे, लिहिलं नाही.

२२ मार्च, शनिवार

तुरे आले. शेंड्याला अगदी मंजिऱ्या याव्यात तसे. मी काय आज बाग करतेय? लग्न होऊन आले तेव्हापासून तुळस जगवते आहे. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, मंजिरी धरू द्यायची नाही. मंजिरी धरली की तुळशीचा जीव तिच्यात जातो. चव्वेचाळीस वर्षांत माझी एक तुळस वाळली नाही. तेव्हा तुरा डोकावला की खुडला. तीन दिवसांत चौदाही झाडं साफ. आता सगळा जोर कणसांत उतरेल.

पूर्वा आजीच्या झाडांना पाणी घालत होती. "काकू, अहो, ते तुरे तुम्ही..."

मी म्हटलं, "पूर्वा, तू जन्मायच्या आधीपासून मी झाडं वाढवते आहे. पुस्तकातलं शेत वेगळं असतं, बाळ."

ती "हो काकू" म्हणून खाली गेली. मुलगी गुणी आहे, उलट बोलत नाही.

तीन-चार झाडांना कणसाचे केसही दिसू लागले. फिकट पोपटी, ओलसर.

२४ मार्च, सोमवार

ग्रुपवर एक लेख आला. गोड मक्याच्या जवळपास दुसरा मका असला तर त्याचा पराग वाऱ्यावर येऊन कणसात भेसळ होते, दाणा कडक होतो, गोडी जाते. संपला विषय.

धावत वर गेले. आजींच्या झाडांचे तुरे उघडलेले, वारा आला की पिवळा धुरळा उडतोय. टाकीच्या झाकणावर बोट फिरवलं तर बोट पिवळं. एवढी दोन महिन्यांची मेहनत, आणि त्यात हा गावठी धुरळा मिसळायचा!

खाली जाऊन दारातूनच विचारलं, "चंद्रभागाबाई, तुमचे तुरे कापून टाकाल का?"

"तुरं कापलं तर कनीस कसं भरंल?"

"माझी भरताहेतच की. आणि तुमची नऊच तर झाडं."

"नऊच हायत म्हणून तर." मग म्हणाल्या, "असं करा, तुमच्या कनसांना कागदाच्या पिशव्या बांधा. आठ-धा दिसांचं काम. माझा धुरळा सरला की सोडा. मी देते बांधून."

म्हणजे माझ्याच झाडांनी तोंडं बांधून बसायचं! मी तशीच वर आले. बोलले असते तर जास्त बोलले असते.

२६ मार्च, बुधवार

सेक्रेटरी बाळ दामल्यांकडे रीतसर अर्ज दिला. तोंडी भांडणं मला जमत नाहीत, कागद बरा. इथे उतरवून ठेवते:

'गच्चीवरील सामायिक जागेत विनापरवानगी लावलेल्या गावठी वाणाच्या मक्यामुळे सभासदांच्या शुद्ध वाणाच्या लागवडीत भेसळ होण्याचा धोका निर्माण झाला आहे. तरी सदर मक्याचे तुरे त्वरित काढून टाकण्याबाबत संबंधितांस समज द्यावी, ही नम्र विनंती.'

यांना वाचायला दिला. हे बराच वेळ कागद धरून बसले. मग म्हणाले, "पद्मा, एकदा मोठ्याने वाच."

मी मोठ्याने वाचला. 'सामायिक'मधली वेलांटी तेवढी चुकली होती, दुरुस्त केली. "आता?" म्हटलं.

"काही नाही," म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले. यांचं हे असंच. स्पष्ट काही म्हणून बोलायचं नाही. मी परवानगी कधी घेतली होती, असं म्हणायचं असेल त्यांना, तर म्हणावं. मी सभासद आहे.

दामल्यांनी तासाभरात कारवाई केली. एक प्रत ओव्हाळांना, एक त्यांच्या घरमालकांना. भाडेकरूंच्या बाबतीत मालकाला प्रत जाते, सोसायटीची तशी पद्धतच आहे. मी काही वेगळं करायला सांगितलं नव्हतं.

२८ मार्च, शुक्रवार

सगळी झाडं उपटली. तुरे नव्हे, मुळापासून झाडं. नऊच्या नऊ.

मी सातला वर गेले तर संजय ऑफिसच्या कपड्यांत, बाह्या दुमडून, झाडून घेत होता. डबे रिकामे करून एकात एक घातलेले. झाडं दोरीने बांधून जिन्याशी ठेवलेली, कणसं कोवळी, बोटाएवढी.

"अहो, मी फक्त तुरे म्हटलं होतं," मी म्हटलं.

"मालकांचा रात्री फोन आला होता, मॅडम." आवाज अगदी मऊ. "आधीच्या दोन्ही सोसायट्यांत पहिल्या पत्राला मी समजावत बसलो होतो. आता पहिलं पत्र आलं की दुसऱ्याची वाट बघत नाही. माती सांडली असेल कुठे तर सांगा, पुसून घेतो."

कुठेही सांडली नव्हती.

एवढं टोकाला जायची काय गरज होती? दोन माणसं बसून बोलली असती तर मार्ग निघाला असता. यांना म्हटलं तसं. हे स्वतःचा चहा स्वतः करत होते. चव्वेचाळीस वर्षांत मला न विचारता एक कप चहा केलेला आज पाहिला.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली. गच्चीवर वारा भरपूर. सगळ्या कणसांना केस आले. चंद्रभागाबाई वर आल्या नाहीत.

५ एप्रिल, शनिवार

काय केस सुटलेत कणसांना! वीतभर लांब, रेशमासारखे, अजून ताजे. आजवर कुठेही पाहिलेत त्याहून लांब. फोटो टाकला, ग्रुपवर नुसता कौतुकाचा पाऊस. एकीने लिहिलं, पद्मजाताईंच्या कणसांना कुठला शांपू?

फक्त एक. लेखात लिहिलंय की केस आठवड्याभरात तपकिरी होऊन सुकू लागतात. माझे सुकत नाहीत, वाढतातच आहेत. यांना दाखवलं. म्हणाले, "वाट बघत असतील."

"कुणाची?"

"मला काय विचारतेस, मी कॉमर्सचा."

पाणीकपात सुरू झाली. एका दिवसाआड तासभर. भांडी घासलेलं पाणी गाळून वर नेते. गुडघे बोलायला लागलेत. आजी राखेचा डबा घेऊन कशा चढल्या असतील, असं उगाच मनात आलं.

१४ एप्रिल, सोमवार

गेल्या वर्षी आजच्या दिवशी सकाळी आठलाच पूर्वा खिरीची वाटी घेऊन आली होती. अंगात स्वच्छ पांढरा ड्रेस. वाटी मी साखर घालून परत केली होती, रिकामी कशी द्यायची.

आज खीर आली नाही. मी काही वाट पाहत नव्हते. साडेनऊला सगळे पांढऱ्या कपड्यांत खाली उतरले. मी गॅलरीतून "जयंतीच्या शुभेच्छा!" म्हटलं. संजयने वर बघून हात जोडले, पूर्वाने मान हलवली. आजी मोटारीत बसत होत्या. त्यांना ऐकू आलं नसेल.

यांनी विचारलं, "खाली जाऊन यायचं का आपण संध्याकाळी?" मी म्हटलं, "आता कसं जायचं?" तोच प्रश्न दिवसभर डोक्यात घोळतोय. आता कसं जायचं.

२० एप्रिल, रविवार

आज एक कणीस सोलून पाहिलं. आठवड्यावर कार्यक्रम, चीक भरलाय का बघायचं होतं. लेखात लिहिलंय, दाण्यात नख खुपसावं, दुधासारखा चीक आला की कणीस तयार.

नख खुपसायला दाणाच नाही. पान उलटलं, दुसरं उलटलं, आत नुसता दांडा, त्यावर दाण्यांच्या जागी पांढरे ठिपके. दुसरं सोललं, तेच. तिसरं, चौथं. यांना हाक मारली. माझा आवाज ऐकून हे अनवाणी धावत आले.

चार सोललेली कणसं समोर ठेवून आम्ही दोघं गच्चीवर बसलो. यांनी एकदाही विनोद केला नाही, तेव्हाच कळलं की माझी अवस्था वाईट दिसत असणार.

२१ एप्रिल, सोमवार

गेले शेवटी. पूर्वाला बाहेर जिन्यातच गाठलं, कणीस दाखवलं. तिने ते हातात फिरवलं.

"काकू, मक्याचा तुरा म्हणजे नर फूल. त्यातला पराग केसांवर पडतो. एकेक केस एकेका दाण्याचा असतो. जेवढ्या केसांवर पराग पडेल तेवढे दाणे भरतात."

"पण तुळशीची मंजिरी..."

"तुळशीची आपल्याला पानं हवी असतात, काकू. म्हणून मंजिरी काढतो."

इतकं साधं. मी विचारलं, "आणि केस सुकत का नव्हते?"

"पराग मिळाला नाही की ते वाढतच राहतात." मग जरा घुटमळून म्हणाली, "एका ओळीत लावला की तसाही कमीच भरतो. घोळक्याने लावतात मका. आजीने लावला होता तसा."

"मग त्या दिवशी तू सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आले होते," ती म्हणाली. रागाने नाही. बस निघून गेली, असं सांगावं तसं.

खरंच आली होती. याच वहीत लिहिलंय मी. मुलगी गुणी आहे, उलट बोलत नाही, असंही लिहिलंय. आता ते पान बघवत नाही.

आणखी एक कळलं. मालकांनी ओव्हाळांचा करार पुढे वाढवायला नकार दिला. अकरा महिने या तीस तारखेला संपतात. कात्रजला जागा बघितली आहे, एक मेच्या सुट्टीला सामान हलवणार. मी विचारलं, "का गं, एकदम?" तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पत्र गेलं होतं ना त्यांना."

मालकांना फोन केला. अर्ज मागे घेते म्हटलं. म्हणाले, "नाही नाही, बेहेरेबाई, बरं झालं तुम्ही लक्षात आणून दिलंत. मला जरा आपल्यातलेच कुणीतरी हवे होते." असं म्हणाले. मला. मी लक्षात आणून दिलं होतं मक्याचं. मक्याचंच.

अर्ज काढून पुन्हा मोठ्याने वाचला. या वेळी घरात कुणी नव्हतं. दुसऱ्या ओळीपुढे वाचता आला नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

उरलेली दहा कणसं आज सोलली. सात पोकळ. तीन कणसांवर तुरळक दाणे आहेत. कुठे दोन, कुठे सहा, दात पडलेल्या तोंडासारखे.

आणि ते काळे आहेत. पिकल्या जांभळाच्या रंगाचे. एकूण एक. पिवळा म्हणून एकही नाही.

मला वाटलं कीड आहे. नखाने खरवडून पाहिलं. कीड नाही, टपोरे, घट्ट दाणे आहेत. पूर्वाला हाक मारली, ती वर आली, बघत राहिली. "काकू, हा आजीच्या मक्याचा पराग. झाडं उपटायच्या आधी तुमच्या या तीन कणसांना केस आले होते ना? त्यावर पडला असणार."

म्हणजे माझ्या बागेत जे काही पिकलं ते त्यांचं आहे. ज्याला मी भेसळ म्हटलं ते जेवढं पडलं तेवढंच भरलं. आणि पाच वर्षं राखेत जपलेलं बी मी संपवलं. संजयने उपटलं असेल, पण हात माझा होता. नऊ झाडं, तीही टाकीच्या मागे. कुणाला म्हणून नडत नव्हती.

रडले. यांच्यासमोर रडायची मला सवय नाही, पण रडले. हे म्हणाले, "मी त्या दिवशी स्पष्ट बोलायला हवं होतं. चपला घालून निघून गेलो." चुकीत वाटा मागायला आले होते. मी दिला नाही.

ग्रुपवर लिहिलं, 'अळी पडल्यामुळे कार्यक्रम रद्द.' पुसलं. 'पाणीकपातीमुळे' लिहिलं, तेही पुसलं. शेवटी लिहिलं, 'कणसं भरली नाहीत. तुरे मी खुडले. शेजारच्या आजींची चांगली झाडंही माझ्या तक्रारीमुळे गेली. अळी गेली ती त्यांच्या राखेने, निंबोळीने नव्हे.' मग एकीने हात जोडल्याचं चित्र टाकलं, दुसरीने विचारलं, मग आता २७ ला कुणाकडे?

२६ एप्रिल, शनिवार

दाणे काढून दोन दिवस सावलीत सुकवले. वाटीत घालून खाली गेले. घरभर खोकी, भांडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. चंद्रभागाबाई खाटेवर बसून चादरींच्या घड्या घालत होत्या. "या," म्हणाल्या.

मी वाटी खाटेवर त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एक दाणा उचलला, उजेडात धरला, दाताखाली दाबून पाहिला.

"उगवंल," म्हणाल्या.

"तुमचाच आहे," मी म्हटलं. "तुम्ही न्या."

"माझा कुठला? तुमच्या झाडाच्या पोटचा हाय. निम्मा तुमचा, निम्मा माझा."

"मग निम्मे तरी घ्या."

"दान्याचं निम्मं कसं करनार, बाई? त्यो समदाच मिसळलाय." दाणा वाटीत ठेवला. "आमचा हुता त्यो गेला. ह्यो दुसरा. वाईट न्हाई, पन दुसरा."

मग त्यांनी वाटी उचलून माझ्या हातात परत दिली आणि माझी बोटं तिच्याभोवती मिटवली. त्यांचा हात खरखरीत, गरम.

"तुम्हीच पेरा. तुमच्याच गच्चीवर. आमी नव्या जागंत लावला तर तितं बी कोन तरी काढाय लावंल. तुमाला कुनी विचारलं ह्यो कुनाचा, तर म्हना, माझा हाय. तुमचा म्हनला तर कुनी उपटायचं न्हाई."

त्या हे टोमणा म्हणून बोलल्या नाहीत. बी कुठे जगेल याचा सरळ हिशेब होता तो, आणि म्हणूनच मला तिथे उभं राहवेना. मी "पेरते" म्हटलं. बाकी जे म्हणायला गेले होते ते तोंडातून निघालं नाही. चौतीस वर्षं मुलांच्या परीक्षा-अर्जांतल्या चुका लाल शाईने दाखवल्या, स्वतःची एक चूक बोलून दाखवता येईना.

१ मे, गुरुवार

आठला टेंपो आला. हे सकाळपासून खाली, संजयबरोबर खोकी चढवत होते. संजय "काका, राहू द्या" म्हणत होता, हे ऐकत नव्हते. दामले गॅलरीतून बघत होते. बघोत.

मी जिन्यात उभी राहिले. पूर्वा कुकर घेऊन उतरली, मागून चंद्रभागाबाई, एकेक पायरी, कठड्याला धरून. मी पुढे झाले. सगळ्यांदेखत म्हटलं.

"चंद्रभागाबाई, माझं चुकलं. फार चुकलं."

मला वाटलं त्या म्हणतील, असू द्या. सगळे म्हणतात. मी स्वतः शंभर वेळा म्हटलंय, 'असू द्या हो, त्यात काय एवढं.' तसं म्हटलं की दोन्ही माणसं सुटतात.

त्या थांबल्या. माझ्याकडे नीट बघितलं, रागाने नव्हे, मघाशी पायरी बघत होत्या तसंच.

"व्हय," म्हणाल्या. "चुकलंच तुमचं."

आणि पुढची पायरी उतरल्या. पूर्वाने त्यांना टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसवलं, मांडीवर पिशवी दिली. संजयने यांच्याशी हात मिळवला. टेंपो वळून मोठ्या रस्त्याला लागला. आम्ही दोघं फाटकाशी थोडा वेळ उभे राहिलो, मग वर आलो. निवडायची भाजी सकाळपासून तशीच पडली होती, ती घेऊन बसले.